टर्बो लावताय? आधी बॅक कॉम्प्रेशनला वाट करून द्या

एस्टीमला टर्बो लावल्यावर तिसऱ्याच दिवशी सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, जेमतेम ०.४ बार. टर्बो उतरवला, सील किट बदललं, पुन्हा बसवला. सावकाश चालवली तोवर गाडी शहाण्यासारखी वागली. पाय जरा दाबला की परत तोच धूर. दुसऱ्यांदा टर्बो उतरवायला घेतला तेव्हा आमचे मिस्त्री बोनेटखाली वाकले आणि म्हणाले, "ही डिपस्टिक वर कुणी काढून ठेवलीय?" कुणीच काढली नव्हती. ती आपणहून नळीतून चार बोटं वर आली होती. टर्बो ठणठणीत होता. घोटाळा होता मी मूळचाच ठेवलेल्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर काढणाऱ्या झडपेचा), म्हणजे माझाच.

नव्याने टर्बोच्या नादाला लागलेली मुलं इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक), इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) यांची तासन् तास चर्चा करतात. क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पोकळीच्या, हवेचा विषय निघाला की उत्तर एकच येतं: "कॅच कॅन लावलाय ना." कॅच कॅन हा डबा आहे. डब्यात तेल साठतं, पण दाब कमी होतो तो गॅसला मोकळी वाट मिळाल्यावरच. ती वाट कशी आखायची आणि ती खरंच मोकळी आहे का हे कसं मोजायचं, ते पुढे क्रमाने लिहितो. उदाहरण म्हणून मारुतीचं जी१३बीबी इंजिन धरलंय: १२९८ सीसी, ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एस्टीम, जिप्सी आणि जुन्या स्विफ्टमधलं. तुमचं इंजिन दुसरं असलं तरी तत्त्व तेच.

आधी कायद्याचं उरकून घेऊ

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं. शिवाय प्रदूषणाच्या नियमांनुसार क्रँककेसमधला गॅस उघड्या हवेत सोडायला परवानगी नाही. म्हणजे हा लेख ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर पळणाऱ्या गाडीसाठी आहे. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर जा, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या पट्टीवर ड्रॅगला जा, पण गाडी ट्रेलरवर न्या.

गॅस येतो कुठून

पिस्टनच्या रिंगा शंभर टक्के सील कधीच करत नाहीत. स्फोटाचा दाब चढला की थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन. त्यात जळलेला वायू असतो, न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि क्रँकने घुसळलेल्या तेलाचं बारीक धुकं त्यात मिसळतं.

किती गॅस? कागदावर हिशोब करा. १.३ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा स्वतःच्या क्षमतेएवढी हवा ओढू पाहतं, म्हणजे ३९०० लिटर. प्रत्यक्षात ८५ टक्के धरा, सुमारे ३३०० लिटर. ०.५ बार बूस्ट दिलात की ५००० च्या आसपास. धडधाकट इंजिनात त्यातला एक टक्का खाली उतरला असं मानलं, तर मिनिटाला ५० लिटर. एका मिनिटात पाण्याचे अडीच मोठे जार भरतील एवढा गॅस तुमच्या ऑइल चेंबरमध्ये शिरतोय आणि त्याला कुठूनतरी बाहेर पडायचंय. रिंगा झिजलेल्या असतील तर याच्या तिप्पटही असू शकतो.

पूर्वी याची फिकीर कुणी करत नसे. एक नळी इंजिनातून निघून गाडीच्या पोटाखाली उघडी सोडलेली असायची. जुन्या जीप जिथे उभ्या राहायच्या तिथे जमिनीवर काळा ठिपका उमटायचा तो त्यातलाच. कॅलिफोर्नियात धुरक्याचा त्रास वाढला तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या गाड्यांना हा गॅस परत इंजिनात जाळायची व्यवस्था सक्तीची झाली. तीच आपली पीसीव्ही.

मूळ यंत्रणा नीट समजून घ्या, मग पाना उचला

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, दोन तोंडं असतात. एक नळी पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपला) जाते. दुसरी, ब्रीदरची, एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपला. आयडलिंगला थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये जोरदार खेच असते. ती खेच पीसीव्हीतून गॅस ओढून घेते आणि त्याच्या जागी ब्रीदरमधून गाळलेली ताजी हवा आत येते. ही ताजी हवा आतली वाफ आणि पेट्रोलचा अंश धुऊन नेते. थ्रॉटल पूर्ण उघडला की खेच संपते, गॅस वाढतो, आणि तो उलट्या दिशेने ब्रीदरमधून बाहेर पडून थ्रॉटलच्या तोंडाशी जातो. म्हणजे ब्रीदरची नळी दोन्ही दिशांनी वाहते. टर्बोचं सगळं गणित नंतर याच गोष्टीवर बसतं, त्यामुळे स्वतःच्या इंजिनावर दोन्ही नळ्या बोटाने शोधून काढा आणि वहीत चित्र काढा.

पीसीव्ही व्हॉल्व्ह दोन कामं करतो. तो उलटा प्रवाह अडवतो, आणि खेच जास्त असताना भोक बारीक करून हवा मोजून जाऊ देतो. हे दुसरं काम लोक विसरतात.

आता टर्बो लावा. मॅनिफोल्डमध्ये खेचेच्या जागी दाब आला. मूळ व्हॉल्व्ह बिनटर्बोच्या इंजिनासाठी बनलेला. बॅकफायर झाला तर क्षणभर बंद व्हावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अर्धा बार दाब सेकंदामागून सेकंद अडवून धरायला तो बनवलेला नाही. तो गळतो, आणि टर्बोने कष्टाने दाबलेली हवा थेट क्रँककेसमध्ये उतरते. वरून रिंगांचा गॅस, बाजूने बूस्ट. डिपस्टिकच्या ८ मिमी नळीवर ०.३ बार दाब आला तर काडीला दीडशे ग्रॅमचा धक्का बसतो; ती वर येणारच. मग टॅपेट कव्हरचं गॅस्केट ओलं होतं, क्रँकचं मागचं ऑइल सील क्लचच्या बाजूला तेल सोडतं, पुढचं सील टायमिंग बेल्टवर.

आणि धूर? टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतं, पिस्टन रिंगेसारख्या बारीक रिंगा असतात. त्या तेल अडवतात ते टर्बोतलं तेल खाली पटकन निचरतं म्हणून. टर्बोची परतीची नळी स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरते, तिला पंप नाही. चेंबरमध्ये दाब वाढला की ते तेल उतरत नाही, टर्बोत तुंबतं, आणि दोन्ही बाजूंच्या रिंगांतून बाहेर पडतं: एका बाजूला सायलेन्सरमध्ये, दुसऱ्या बाजूला इंटरकूलरमध्ये. बाथरूमचा जाळीचा नाला तुंबल्यावर पाणी जसं दारातून बाहेर येतं, तसंच. दाराचा दोष नसतो.

पायरी १: इंजिनाची तब्येत

टर्बो लावण्याआधी गरम इंजिनावर कॉम्प्रेशन तपासा, चारही सिलिंडर. आकडा किती याहून चौघांतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. नंतर लीक-डाउन करा: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ७ बारच्या आसपास हवा सोडा आणि किती टक्के गळते ते बघा. हवा सोडताना क्रँक फिरू शकतो, त्यामुळे क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच अडकवून ठेवू नका. दहा टक्क्यांच्या आत गळत असेल तर छान. वीसच्या वर गेलं तर कान लावा. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, डिपस्टिकच्या नळीतून फुसफुस आली तर रिंगा. तिसरं उत्तर मिळालं तर टर्बोचे पैसे बाजूला ठेवा आणि बोअर-पिस्टनला खर्च करा. मोठ्या नळ्या लावून झिजलेल्या रिंगा झाकता येत नाहीत.

इंजिन उघडणारच असाल तर रिंगांची टोकाची फट बघून घ्या. ढोबळ नियम असा की साध्या इंजिनाला बोअरच्या हजाराला चार भाग आणि टर्बोला पाच. ७४ मिमी बोअरला ०.३० मिमीच्या जागी ०.३७ मिमी. शेवटचा शब्द रिंगांच्या खोक्यातल्या कागदाचा. फट वाढवली की बॅक कॉम्प्रेशन किंचित वाढतं, ते वाढू द्या. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि ओतीव पिस्टनची रिंगेखालची धार तुटते. मग या लेखाचा काही उपयोग उरत नाही.

पायरी २: मॅनिफोल्डच्या बाजूची वाट

इथे नवखे दोन टोकाच्या चुका करतात. एक जण पीसीव्ही काढून मॅनिफोल्डचं तोंड बुजवतो आणि उघड्या ब्रीदरवर भागवतो. दुसरा पीसीव्हीच्या जागी साधा एकमार्गी व्हॉल्व्ह लावतो.

पहिल्याच्या इंजिनात ताजी हवा फिरणं बंद होतं. वाफ आणि पेट्रोल तेलातच मुरतं, ऑइल कॅपखाली मलईसारखा थर धरतो. वर्षातून चार वेळा ड्रॅगला पळवून दर वेळी तेल बदलणाऱ्याला ते चालून जाईल. बाकीच्यांनी हा मार्ग धरू नये. दुसऱ्याच्या इंजिनात हवा मोजणारं बारीक भोकच उरलं नाही. आयडलिंगला सगळी खेच थेट क्रँककेसवर येते, सीलं आतल्या बाजूला ओढली जाऊन शिट्टी वाजवतात, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तेल प्यायला लागतं.

बरोबर रचना अशी: टॅपेट कव्हर, मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, मग छोटा कॅच कॅन, मग दाब सोसणारा एकमार्गी व्हॉल्व्ह, मग मॅनिफोल्ड. मूळ पीसीव्ही मोजायचं काम करतो, नवा व्हॉल्व्ह बूस्ट अडवतो. एकमार्गी व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या शक्य तितका जवळ बसवा, म्हणजे अलीकडच्या नळ्यांवर आणि डब्यावर बूस्ट कधी येणारच नाही. हा व्हॉल्व्ह धातूच्या बॉडीचा, तेल आणि उष्णता सोसणारा घ्या. फिश टँकचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह लावलेली गाडीही मी पाहिली आहे. तापल्यावर तो चुरमुऱ्यासारखा झाला होता.

बसवण्याआधी तपासा. मॅनिफोल्डकडच्या तोंडाला नळी लावून सायकलच्या गेजवाल्या पंपाने ०.७ बार दाब द्या आणि दुसरं तोंड साबणाच्या पाण्यात धरा. बुडबुडे आले तर दुकानात परत. नवा आहे म्हणून सोडून देऊ नका, आणि दर सहा महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण तेलाचा चिकटा धरला की तो अर्धवट उघडा राहतो.

पायरी ३: ब्रीदरची वाट

बूस्टमध्ये असताना पहिली वाट बंद असते. सगळा भार ब्रीदरवर येतो, म्हणून खरी मेहनत इथे घ्या.

नळी किती जाड? पुन्हा ते ५० लिटर आठवा. १० मिमी आतल्या व्यासाच्या नळीतून तेवढा गॅस सेकंदाला साडेदहा मीटरच्या वेगाने जातो. १९ मिमीच्या नळीत तोच वेग तीन मीटरवर येतो. वेग कमी झाला की दोन फायदे: नळीत दाब कमी अडतो, आणि तेलाचे थेंब गॅसबरोबर उडत न जाता खाली बसतात. म्हणून १९ मिमी. जागा नसेल तर १६. मूळच्या बारीक निप्पलवर जाड नळी चढवून मात्र काही साधत नाही. अडचण सर्वांत अरुंद जागी असते, आणि ती जागा बहुतेकदा टॅपेट कव्हरचं निप्पलच असतं.

ते मोठं करायचं तर कव्हर इंजिनावरून उतरवा. जागेवरच ड्रिल मारून कीस कॅममध्ये पाडणारे महाभाग असतात, त्यातले तुम्ही होऊ नका. कव्हरच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे अडवणारा पत्रा असतो, त्याला बॅफल म्हणतात. नवं तोंड बॅफलच्या आड पडेल अशा जागी घ्या. कॅमच्या लोबवर सरळ उघडं तोंड काढलंत तर दर फेरीला लोब तेलाची पिचकारी त्यातच मारेल आणि डबा आठवड्यात भरेल. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरला आर्गन वेल्डिंगच लागतं. माझं काम कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात झालं. तिथे निप्पल लेथवर काढून वेल्ड करून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. तुमच्या गावातही असेल एखादा, फक्त वेल्डिंगनंतर कव्हरचा खालचा पृष्ठभाग काचेवर ठेवून बघा. उष्णतेने वाकलं असेल तर गॅस्केट कधीच धरणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी समजायला मला फार वेळ लागला. क्रँककेसमधला गॅस टॅपेट कव्हरपर्यंत येतो तो ज्या भोकांतून हेडमधलं तेल खाली उतरतं त्याच भोकांतून. गॅस वर, तेल खाली, एकच जिना. गॅस फार झाला की तेल हेडमध्येच अडकून राहतं आणि मग ब्रीदरमधून तेल ओकायला लागतं. मोठा बूस्ट देणारे म्हणून ब्लॉकवरूनही एक स्वतंत्र वाट काढतात. होंडाच्या बऱ्याच इंजिनांना ब्लॉकच्या मागे ब्रीदरचा डबा मूळचाच असतो, त्यांचं काम सोपं. ०.५ बारच्या आतल्या कामाला टॅपेट कव्हरवरची दोन १६ मिमी तोंडं किंवा एक १९ मिमीचं तोंड पुरतं असा माझा अनुभव.

ब्रीदरची नळी मोठ्या कॅच कॅनमार्गे टर्बोच्या तोंडाशी न्यायची: एअर फिल्टरच्या नंतर आणि कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) आधी. तिथे बूस्टमध्ये हलकी खेच असते, ती गॅस ओढायला मदत करते, आणि आयडलिंगला ताजी हवा याच वाटेने उलटी आत येते. मूळची गाडी ब्रीदर थ्रॉटलच्या आधीच्या पाइपला जोडते. टर्बो लावल्यावर तोच पाइप बूस्टचा होतो. जुनी जोडणी तशीच ठेवणारा माणूस पीसीव्ही कितीही चांगला लावो, बूस्ट मागच्या दाराने आत सोडतोय. नव्या गाड्यांमध्ये हे सगळं कारखान्यातूनच केलेलं असतं. २०१७ च्या बलेनो आरएसचं किंवा फ्रॉन्क्सचं ९९८ सीसी टर्बो इंजिन मिळालं तर बोनेट उघडून नळ्यांचा माग काढून बघा, फुकटची शिकवणी आहे.

उघड्या हवेत सोडायचं ठरवलंत, म्हणजे टॅपेट कव्हरवर छोटं चमकदार फिल्टर लावलंत, तर कायद्याखेरीज तीन गोष्टी पदरात पडतात. केबिनमध्ये वास. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत न मोजलेली हवा शिरून बिघडलेलं मिश्रण. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हा त्रास नाही. आणि लालबुंद टर्बाइनच्या शेजारी तेलाची वाफ. तिसरी एकटीच मला पुरेशी वाटते.

पायरी ४: डबा

बाजारात मिळणारे बरेच कॅन आतून रिकामे असतात: दोन तोंडं, मध्ये पोकळी. गॅस एका तोंडातून येऊन सरळ दुसऱ्यातून निघून जातो. विकत घेण्याआधी झाकण उघडून बघा. आत आडवा पत्रा हवा, गॅसला वळण घ्यावं लागलं पाहिजे, येणारं तोंड खाली आणि जाणारं वर, आणि मध्ये स्टीलची जाळी. गॅस जाळीवर आपटला की थेंब धरतो. स्वयंपाकघरातली तारेची घासणी कोंबणारे आहेत. तिची तार तुटून टर्बोच्या पात्यांत गेली तर काय होईल ते सांगायला नको. घासणी वापरायचीच तर स्टेनलेस स्टीलची घ्या आणि दोन्ही बाजूंनी भोकांच्या पत्र्यात घट्ट बंद करा.

आकार? एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा संघटनेच्या अपेंडिक्स जे नियमांत उघड्या ब्रीदरच्या गाडीला २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरचा आणि त्यापुढे ३ लिटरचा कॅच टँक लागतो, तोही अर्धपारदर्शक किंवा पारदर्शक खिडकी असलेला. तुमची गाडी बंद वाटेची असली तरी ब्रीदरच्या बाजूला एक-दीड लिटर तरी ठेवा. खाली निचऱ्याची तोटी आणि बाजूला पातळी दिसेल अशी सोय असू द्या. डबा एक्झॉस्टपासून लांब आणि गार जागी बसवा.

नळ्यांबद्दल एवढं लक्षात ठेवा: रेडिएटरची काळी नळी इथे चालत नाही. ती ईपीडीएम रबराची असते, तेलाने फुगते, मऊ पडते आणि खेच आली की चपटी होते. तेल सोसणारी नायट्राइल रबराची घ्या. निळी-लाल सिलिकॉनची नळी दिसायला झकास, पण साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं आणि बाहेरून घाम फुटल्यासारखं दिसतं. घ्यायचीच तर आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेली. नळीला कुठेही पोट पडू देऊ नका, साचलेलं तेल तिथे बूच होऊन बसतं.

पायरी ५: टर्बोची परतीची नळी

आतला व्यास किमान १६ मिमी. टर्बोचं निचऱ्याचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. नळी सतत उताराची, आणि चेंबरला जिथे जोडाल ती जागा तेलाच्या पातळीच्या वर. चेंबरमध्ये तेल कमाल खुणेच्या वर भरू नका. क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेस या नळीतून धड उतरत नाही.

पायरी ६: मोजा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. मीही गाळली होती, म्हणूनच दोनदा टर्बो उतरवला.

पहिली परीक्षा रबरी हातमोज्याची. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल कॅप काढा आणि तोंडावर हातमोजा ताणून बसवा. हातमोजा आत ओढला गेला तर खेच आहे, पीसीव्ही काम करतोय. फुगून पंजा उभा राहिला तर थांबा.

दुसरी परीक्षा गवंड्याच्या लेव्हल नळीची. सहा मिमीची पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, फळीवर यू आकारात बांधा, निम्मी शाईच्या पाण्याने भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक १०० मिमी म्हणजे साधारण १ किलोपास्कल. आयडलिंगला इंजिनाकडचं पाणी थोडं वर चढलं पाहिजे, म्हणजे खेच. फळी डिपस्टिकच्या तोंडापेक्षा खाली धरा आणि इंजिन उभ्या गाडीतच चालवा, नाहीतर पाणी आत ओढलं जाईल.

बूस्टमधला दाब चालत्या गाडीतच कळतो. त्यासाठी डिपस्टिकच्या जागी एक १ बारचा एमएपी सेन्सर जोडा आणि त्याची नोंद ईसीयूच्या लॉगमध्ये घ्या. इंजिन बंद असताना त्याने भोवतालच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: कोल्हापूरच्या उंचीवर ९५ किलोपास्कलच्या आसपास, रत्नागिरीत १०१. एक सावधगिरी: असा सेन्सर १०५ च्या जवळपास पोचला की त्याचं माप संपतं, आकडा तिथे सपाट झाला तर खरा दाब त्याहून जास्त आहे असं समजा. माझी स्वतःची रेघ अशी: पूर्ण बूस्टमध्ये भोवतालच्या दाबापेक्षा २ किलोपास्कलपर्यंत वाढ चालेल, ३ झाली की पाय काढायचा.

दाब जास्त आला तर कारण शोधायची रीत सोपी आहे. पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डपासून काढा, दोन्ही तोंडं बुजवा, पुन्हा तीच धाव घ्या. दाब उतरला तर एकमार्गी व्हॉल्व्ह गळतोय. तसाच राहिला तर ब्रीदरची नळी कॅनच्या आधी सोडवून दुसऱ्या मोकळ्या डब्यात जाड नळीने सोडा, तीही एक्झॉस्टपासून लांब. आता उतरला तर कॅन किंवा नळी अरुंद आहे. तरीही नाही उतरला तर पायरी १ कडे परत जा.

पायरी ७: देखभाल

सुरुवातीला दर २०० किमीला कॅन उघडा. पावसाळ्यात आणि थंडीत त्यात पिवळसर, ताकासारखं पाणी दिसेल. हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका, कूलंट कमी होत नसेल तर ती ज्वलनाचीच वाफ आहे. उन्हाळ्यातही लांब पल्ल्याला तसंच निघत असेल तर मग कूलंट बघा. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला गाडी बांधणाऱ्या आपल्या लोकांना वेगळाच ताप आहे: उणे पंधरा-वीसला हेच पाणी नळीत गोठतं, वाट बंद होते आणि सकाळी सुरू केलेल्या गाडीचं सील उडतं. त्यांनी थंडीत कॅन रोज रिकामा करावा किंवा सरळ काढून ठेवावा.

कॅनमधलं तेल परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि पेट्रोल आहे. गटारातही नाही. गॅरेजच्या जुन्या तेलाच्या ड्रममध्ये जाऊ द्या. दर वेळी किती मिली निघालं ते वहीत लिहा. आकडा एकाएकी दुप्पट झाला तर बाहेर काही दिसायच्या आधीच इंजिनाने निरोप पाठवलाय.

डिपस्टिक वर येते म्हणून तिला स्प्रिंग लावून बांधून ठेवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मोजमाप होईपर्यंत बांधू नका. ५०० किमी झाले की इंटरकूलरचा थंड बाजूचा पाइप सोडवा आणि आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर हलका तेलकट डाग आला तर ठीक. थेंब ठिबकला तर बूस्ट आहे तिथेच ठेवा आणि ब्रीदरच्या कॅनची जाळी आधी उघडा. फडकं जवळपास कोरडं निघालं तर ०.१ बार वाढवा आणि लॉग पुन्हा घ्या.